दोन खांबांमधली मोकळी जागा

पप्पा,

मी ड्यूटीला चाललेय, चहा थर्मासात आहे.

मांडवगणच्या मळ्याचं तुमचं मॉडेल टेबलावर होतं, त्याला हात लावला. रागावू नका. जळक्या मोटरची तार पिळून एवढंसं काटेरी कुंपण कसं केलंत, ते बघायचं होतं. काटे बोटाला खरंच टोचतात.

पण जोनाथनकाकांच्या मळ्याच्या बाजूला दोन खांबांमध्ये तारच नाही. नाताळचा फराळ तिथूनच जायचा, आन् तुमचं-काकांचं भांडण झाल्यावर खऱ्या मळ्यात तुम्ही पहिली तार तिथंच ओढली. डबीत तार तर अजून शिल्लक आहे.

मुद्दाम सोडलंय का?

संध्याकाळी तिथं तार दिसली, तर पुन्हा विचारणार नाही. मोकळंच असलं, तर काकांना फोन लावीन.

ब्लेसी