डाव्या हाताची सवय

बडोदे, १२ ऑगस्ट १९९८

ती. बाबा,

रावपुऱ्यातून तुमच्या मोहनाचा नमस्कार. मावशी पोटभर खाऊ घालते, काळजी नको.

सरकार आणि गोरव्याच्या कारखानदारांनी मिळून टायपिंगच्या शिक्षकांसाठी हा कॉम्प्युटरचा वर्ग काढलाय. त्यात माझा वेग सर्वांत जास्त. पण ओळ संपली की डावा हात टाइपरायटरचा दांडा ढकलायला आपोआप हवेत जातो. सगळे हसतात. शिकवणाऱ्या हिनाबेन म्हणतात, "बेन, आ हाथने रजा आपो!" म्हणजे, या हाताला सुट्टी द्या.

हसू देत. तुमच्या हाताखाली तयार झालेला हात आहे, नवंही शिकेल.

आपल्या क्लासला मुली किती उरल्या, ते तुम्ही लिहिलं नाहीत. डोळ्यांत थेंब घालता ना?

मशीनं विकायची तर विका. दारावरची पाटी मात्र उतरवू नका. 'टंकलेखन'च्या खाली 'संगणक' मावतं, मी मोजून आलेय. ते तुमच्याच अक्षरात हवं.

तुमची,
मोहना