काचेवरचा तुतवार

अप्पा, आज सकाळी समुद्रावर तुमचा पक्षी दिसला. तुतवार. ओल्या खडकावर शेपूट खालीवर, खालीवर करत हिंडत होता, नळदुर्गात बोरी नदीच्या काठी हिंडायचा तसाच. तुम्ही स्वतः समुद्र कधी पाहिला नाहीत, पण थंडी पडली की "आले बघ समुद्राकडचे पाहुणे" असं घरचंच कुणी येणार असल्यासारखं सांगायचात. मी आता समुद्राकाठीच राहते, धाकट्या मुलाकडे. गुडघे कुरकुरतात, तरी सकाळची फेरी चुकवत नाही. बरोबर नात असते, गळ्यात कॅमेरा अडकवून. एका पक्ष्याचे ती ढीगभर फोटो काढते आणि घरी येऊन एक ठेवून बाकीचे पुसून टाकते. तुमचा जीव तुटला असता ते पाहून.

तुमच्या फोटोच्या दुकानात एकेका काचेला केवढा मान होता! तेव्हा फोटो आधी काचेवर उतरे, काळ्याचं पांढरं होऊन, आणि मग कागदावर. निजामाचं राज्य होतं. शेरवानीतले अंमलदार रुमी टोपी सावरत फोटोला बसायचे आणि जाता जाता हळूच म्हणायचे, "जरा उजळ करा, हां." मग तुम्ही खिडकीपाशी बसून खिशातल्या चाकूनं पेन्सिल सुईसारखी तासायचात आणि चेहऱ्याच्या काचेवर बारीक बारीक टिपके द्यायचात. काचेवर जिथं पेन्सिल फिरे, तिथं कागदावर उजळ उतरे. सुरकुत्या जायच्या, देवीचे व्रण जायचे. अव्वा चुलीपाशी भाकरी थापत म्हणायची, "अवं, आमच्या नशिबावरबी फिरवा की जरा पेन्सिल." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "त्याची काच आपल्याकडं न्हाय."

पण दुकान उघडण्याआधीची वेळ पाखरांची. रोज सकाळी तुमच्या खांद्यावर कॅमेऱ्याची तिकाटी आणि माझ्या खांद्यावर काळं फडकं, असे आपण नदीवर जातो. तुम्ही फडक्यात डोकं घालता, मग मलाही आत घेता. आत अंधार, तुमच्या अंगाचा तपकिरीचा वास आणि समोर उलटी बोरी. पाणी वर, आभाळ खाली. बगळा उभा राहतो, ढोकरी उभी राहते, त्यांचे फोटो येतात. तुतवार काही केल्या थांबत नाही. त्याच्या प्रत्येक फोटोत शेपटीच्या जागी नुसता धूर. एकदा मी शहाणपणा केला, "अप्पा, पेन्सिलीनं शेपूट नीट करा की." तुम्ही कधी नव्हे ते माझ्यावर ओरडलात. "माणसं सांगत्यात म्हणून करतो. पाखरानं सांगितलंय का तुला? त्याचं हाय तसंच आलं पायजे!"

त्या वर्षी महायुद्धाच्या लढाईमुळं कोऱ्या काचा मिळेनाशा झाल्या. सोलापूरहून कशीबशी एक पेटी मागवलीत, तर निजामाच्या सरहद्दीच्या नाक्यावर एका कारकुनानं ती भर उन्हात उघडून एकेक काच वर धरून पाहिली. उजेड लागून सगळ्या वाया गेल्या. वर तो म्हणाला म्हणे, "एकबी फुटली न्हाय, बघून घ्या." तुम्ही घरी येऊन ते सांगताना हसत होतात, पण जेवला नाहीत. कपाटात जुनी अशी एकच काच उरली होती. ती तुम्ही तुतवारासाठी ठेवलीत. गिऱ्हाइकं परत पाठवलीत. अव्वानं कपाळाला हात लावला. आणि मला रात्रंदिवस एकच घोर, या काचेवरही धूरच आला तर?

म्हणून मी ते केलं. अकरा वर्षांची होते. नदीत जाळं टाकणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांच्या जाळ्यात एका पहाटे तुतवार अडकला. "सोडणारच व्हते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मला द्या, अप्पांना दावून सोडते." अव्वाच्या सुईदोऱ्याच्या डब्यातला काळा दोरा माझ्या परकराच्या ओच्यात होताच, इतकी मी आधीपासून ठरवून होते. एक टोक त्याच्या पायाला, दुसरं उथळ पाण्यातल्या दगडाला. तो फडफड फडफड फडफडला आणि शेवटी दमून उभा राहिला. तुम्ही आलात तेव्हा मी काठावर भोळं तोंड करून बसले होते.

तुम्ही फडक्यात गेलात. बराच वेळ आतच होतात. मग काच घातलीत, फोटो घेतलात, आणि बाहेर येऊन माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू हो पुढं. अव्वाला म्हणावं, चहा टाक." पाखराच्या काळजीनं मला चहा गोड लागेना. दुपारी पळत गेले, तर दगडाला दोरा होता, तुतवार नव्हता. तोडून गेला, असं मी मनाला समजावलं. दोऱ्याचं टोक तुटलेलं आहे की चाकूनं कापलेलं, ते पाहण्याची अक्कल तेव्हा नव्हती.

फोटो असा आला, की शेपटीचं पीस न् पीस मोजावं. दुकानात दर्शनी लावलात. कुणी वाहवा केली की तुम्ही म्हणायचात, "माझा न्हाय तो. लेकीनं काढलाय." लोक हसायचे, मी लाजायचे. लाडानं म्हणता असं वाटायचं. लग्नात तो फोटो आणि काळ्या कागदात गुंडाळलेली त्याची काच मला दिलीत. फोटोत मी दोरा शंभरदा शोधला, दिसला नाही. काच मात्र, तिच्यावर तो दिसेल या भीतीनं, कधी उघडलीच नाही.

परवा नातीनं उघडली. खिडकीपाशी तिरकी धरली आणि म्हणाली, "आजी, इथं पेन्सिलीनं काय केलंय?" पक्ष्याच्या पायापासून पाण्यापर्यंत, दोरा होता त्याच रेषेत, बारीक बारीक टिपके चमकत होते. अंमलदाराच्या गालावरही तुम्ही कधी इतकं हळुवार काम केलं नसेल. पाखरावर पेन्सिल न फिरवणारे तुम्ही, माझ्यासाठी फिरवलीत. मी तिथंच बसले आणि लहान मुलीसारखी रडले. पोर घाबरून पाणी घेऊन आली.

अप्पा, एका शब्दानं तरी बोलायचं होतं. ओरडायचं होतं. हे पत्र त्याच काळ्या कागदात, काचेला लावून ठेवणार आहे, दुसरं कुठं पाठवू? पण एक राहिलं. माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा मी ऊर फुटेस्तोवर रडले. आणि रडता रडता मला क्षणभर बरं वाटलं होतं, की आता दोऱ्याचं अप्पांना कधीच कळणार नाही. एवढं मात्र तुम्हाला ठाऊक नव्हतं.