उघडी राहिलेली विळी

चि. रघुपती,

कनकलतेने माहेराहून पत्रात विचारलं होतं, "मामंजी, विळी मीच उघडी ठेवली होती का?" महिनाभर मी उत्तर दिलं नाही.

नव्या पुस्तकाची जोडलेली पानं मी त्या विळीवर कापली आणि वाचत वाचत उठून गेलो. विळी उघडीच राहिली. तिचं बोट कापलं तेव्हा तुझी आई म्हणाली, "हिचा हात वीणेपुरताच!" तू विळीच वाईट म्हणून ती विहिरीत टाकलीस. मी गप्प बसलो. आता ते बोट तारेवर वाकत नाही.

तुझ्यासमोर बोलवत नाही, म्हणून हे लिहून सरस्वती महालाच्या ग्रंथालयात जाऊन बसतो. सांबार झाकून ठेवलं आहे.

तिला खरं लिहिलं. पत्र सकाळीच टपालपेटीत टाकलं. मागे घ्यायला हात घातला होता, पोचला नाही.

— आप्पा