कोरा फ्लास्क

६ जानेवारी
थीसिस मेमध्ये. ठरलं. ब्रिटाला फोनवर सांगितलं. ती ऑगस्टपासून डुलुथला शिकवते. मी इथे, मिनिआपोलिसला. म्हणाली, होल्गर, मे उलटला की मी तुझी वाट बघणार नाही. हसत म्हणाली. हसत म्हणजे विनोद.

९ जानेवारी
कमिटीची मीटिंग उत्तम झाली. सगळं एका दमात मांडलं. मेंदूतला ट्यूमर सूक्ष्म पुड्या सोडतो. पुडीत हुकूम असतो. शेजारची भली पेशी पुडी गिळते आणि ट्यूमरची चाकरी करू लागते. माझ्याकडे तर पुड्या घातल्या की तिसऱ्या दिवशी भल्या पेशी रांगायला लागतात.
प्रोफेसर ऑडेगार्ड म्हणाल्या, वेगळंच आहे हं. मिनेसोटात ‘वेगळं आहे’ म्हणजे ‘वाईट आहे’, हे मला कळतं. पण बाईंचं आजोळ आयोवाचं. तेव्हा कौतुकच.
जाता जाता त्यांनी विचारलं, ज्यात ट्यूमर वाढवलेलाच नाही अशा कोऱ्या फ्लास्कचं पाणीही असंच यंत्रात फिरवून, पेशींवर घालून पाहिलंय ना? पाहिलंय. पहिल्या वर्षी, म्हणजे चार वर्षांपूर्वी. काही झालं नव्हतं. कोऱ्यातून कोरंच निघणार.

१८ जानेवारी, रविवार
डुलुथ रद्द. पेशींना रविवारीही खाऊ घालावं लागतं. ब्रिटा म्हणाली, कुत्रा असता तर शेजाऱ्यांकडे ठेवता आला असता. तिला याचं गांभीर्य कळत नाही.
लॅबला इमारती जोडणाऱ्या भुयारातून आलो. परत भुयारातूनच. बाहेर कडाक्याची थंडी आहे असं ऐकतो.

३ फेब्रुवारी
संकल्प: रोज दोन पानं. आज मथळा लिहिला. स्वतंत्र पानावर. म्हणजे एक झालं.

११ फेब्रुवारी
पाहुआ वांग माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. दुसरं वर्ष. तिने विचारलं, रागावणार नसशील तर एक विचारू? तीन वर्षांपूर्वी तुझे आकडे एकदम चौपट कसे झाले?
म्हटलं, हात बसला.
म्हणाली, त्याच महिन्यात लॅबचं सीरमही बदललंय.
सीरम म्हणजे न जन्मलेल्या वासराच्या रक्ताचं पाणी. पेशी त्यावर वाढतात. वासराच्या रक्तातही वासराच्या पुड्या असतातच. पण पुरवणारे त्या काढून टाकतात. तसं बाटलीवर छापलेलं असतं. तिला बाटली दाखवली.
म्हणाली, आमच्या आजीच्या फ्रीजमधल्या डब्यावर व्हॅनिला आइस्क्रीम छापलंय. आत मिरचीचा ठेचा असतो.
दुसरं वर्ष. येईल अक्कल.

२ मार्च
कोरा फ्लास्क एकदा करून टाकावा. म्हणजे तोंडं बंद होतील. पुढच्या आठवड्यात.

१० मार्च
पुड्या खाली बसवायचं सेंट्रिफ्यूज दुसऱ्या कोणी अडवलंय. सकाळी मोकळं होतं. पण सकाळी माझं मन तयार नव्हतं.

१९ मार्च
बर्फ. प्रकरण चौथे: ‘ट्यूमरची भाषा’. अकरा पानं झाली. या भाषेतले बारकावे माझ्याइतके कुणी ऐकले नसतील. पाहुआने वाचलं. म्हणाली, तोंडावर सांगते, छान लिहिलंयस, फक्त खरं असू दे.

५ एप्रिल, ईस्टर
ब्रिटाच आली. बटाट्याचं हॉटडिश घेऊन. लॅबमध्येच खाल्लं, कारण पेशी. तिला मायक्रोस्कोपमधून रांगत्या पेशी दाखवल्या. तिने विचारलं, ह्या निघाल्यात कुठे? म्हटलं, ट्यूमर सांगेल तिकडे.
म्हणाली, अरे वा, निदान निघाल्यात तरी.
तिला आवडलं असावं. चारची बस होती, तीनलाच निघाली.

१३ एप्रिल
ऑडेगार्डबाई लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, घाई अजिबात नाही हं, पण कोऱ्या फ्लास्कशिवाय माझी सही नाही. वर घरच्या केकचा तुकडा दिला. इथे माणसाला असंच मारतात.
केक बरा होता.

१४ एप्रिल
लावला. पाहुआ साक्षीला. फ्लास्कमध्ये सीरम, पेशींचं खाद्यपाणी, ट्यूमरची एकही पेशी नाही.

१८ एप्रिल
कोऱ्यातून जे निघालं ते काल भल्या पेशींवर घातलं. आज बघितलं. निवांत. एकही रांगत नाही. पाहुआ म्हणाली, पहिल्या दिवशी कुणीच रांगत नाही.
थीसिसची अर्पणपत्रिका लिहिली. ब्रिटाला.

२० एप्रिल, सकाळ
रांगतायत.
इनक्यूबेटर बिघडलाय.

२० एप्रिल, संध्याकाळ
इनक्यूबेटर ठीक आहे.

२९ एप्रिल
पुन्हा केलं. पाहुआने ट्यूमरची डबी आणि कोऱ्याची डबी नावं झाकून शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणाली, तू भाषातज्ज्ञ, ओळख. मी बराच वेळ पाहिलं. मग ठामपणे ओळखली.
नेमकी दुसरी निघाली.
पाहुआ हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

३० एप्रिल
वासरू. बाटलीवर काहीही छापलेलं असो, पुड्या सीरममधल्याच होत्या. तीन वर्षं मी वासराचं ऐकत होतो. ट्यूमर बोलतही असेल. माझ्याशी नाही.
ऑडेगार्डबाई म्हणाल्या, आत्ता कळलं ते किती छान! चांगलं सीरम घ्यायचं, सगळं पहिल्यापासून. फार तर वर्षभर.
भुयार नको म्हणून वरच्या रस्त्याने जायला निघालो. दाराशी आठवलं, पेशींचं खाणं राहिलंय. परत फिरलो.

१ मे
ब्रिटाला फोन केला. म्हटलं, मेमध्ये जमत नाही.
म्हणाली, मला माहीत होतं रे.
कधीपासून?
म्हणाली, तू सगळं अगदी व्यवस्थित चाललंय म्हणायला लागलास तेव्हापासून.
हे तिने इतक्या शांतपणे घेतलं म्हणून मला धीर आला. नव्या सीरमचा बेत सविस्तर सांगितला. कोरा फ्लास्क आता दर वेळी. ख्रिसमसपर्यंत निम्मं काम. पुढच्या मेमध्ये नक्की. ती मधे एकदाही बोलली नाही. इतक्या लक्षपूर्वक तिने माझं कधी ऐकलं नव्हतं.
बोलून झाल्यावर पाहिलं. फोन तिने केव्हाच ठेवला होता.