या व्हिडिओत बोलणं नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार
सात व्हिडिओ, आणि बघणारे सगळे मिळून एकेचाळीस. त्यातले निम्मे आम्हीच असू.
दादाने पाटीवर लिहिलं — "महिनाअखेरपर्यंत. मग गोदाम." लगेच पुसलं. एक तारखेपासून गोदामाच्या गेटवर बसायचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलंय. तिथे बोलावं लागत नाही म्हणे. तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस! घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि नऊ महिन्यांत दुकान ओस पडलं. गिऱ्हाईक येतं, दादाशी ओरडून बोलतं — अहो, आवाज गेलाय, कान नाहीत गेले! — आणि तो पाटी उचलेपर्यंत निघून जातं.
व्हिडिओची कल्पना वहिनीची. ती मोबाईल धरते, दादाचे हात काम करतात. व्हिडिओखाली माहिती लिहायची मी. वीस वर्षं ऑफिसात पत्रं लिहितोय, म्हणून घरातला लिहिणारा मीच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
वहिनीने आज मला चांगलंच फैलावर घेतलं. "भाऊजी, हे काय हो?"
सातही व्हिडिओंची सुरुवात एकच — "ईश्वरकृपेने आपण सर्व कुशल असाल." गावच्या शाळेत गुरुजींनी पत्र असंच सुरू करायला शिकवलं. हात दुसरीकडे वळतच नाही. तिने फोनवर शोधून दाखवलं. शोधणाऱ्याला माहितीच्या पहिल्या दोन ओळी दिसतात, बाकीचं दडलेलं. आमच्या दोन ओळींत नुसतं कुशल. मशीनचा पत्ताच नाही!
"ज्याचा धागा सारखा तुटतोय, तो कुशल कसा असेल, भाऊजी?"


८ फेब्रुवारी, शनिवार
नव्याने लिहिलं — "शिलाई यंत्रातील धाग्याच्या ताणाचे नियमन." वहिनी म्हणाली, "असं कोण विचारतं? तुमचे साहेब?"
सुट्टी होती. दिवसभर दुकानात बसलो, वही घेऊन. चारच माणसं आली. ती जे बोलली ते जसंच्या तसं उतरवलं. "मशीन धागा खातंय." "वरून टाके छान, खालून नुसतं जाळं." एक बाई — "काल धड होती, आज रुसली बघा." ताण हा शब्द एकाच्याही तोंडात नाही.
देवापुढे बसतो तेव्हा मी ठरलेले शब्द म्हणतो, शुद्ध. पण दादाला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर तोंडातून निघालं ते एवढंच — वाचव रे. देवालाही ते समजलं असावं. अडलेला माणूस असंच बोलतो. शोधतानाही असंच लिहीत असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार
"मशीन धागा तोडते? सुई उलटी बसली असेल. कशी ओळखायची, ते पहिल्याच मिनिटात." — एवढंच लिहिलं.
एका दिवसात त्रेसष्ट जणांनी पाहिलं!

१६ फेब्रुवारी, रविवार
हाव सुटली. लोक जे जे शोधत असतील ते सगळं प्रत्येक व्हिडिओखाली कोंबलं. भरतकाम, काजं, नवीन मशीन कोणती घ्यावी — व्हिडिओत असो वा नसो. चारशे माणसं आली. वहिनीने दाखवलं, बहुतेक दहाव्या सेकंदाला निघून गेली. एकाने लिहिलंय — "काजं शिकायला आलो, इथे तर तेल घालतायत. फसवलंत."
हा शब्द दिवसभर डोक्यातून गेला नाही. आग्रहाने बोलवायचं आणि दारात उभं करून ठेवायचं! सगळं काढून टाकलं. जे व्हिडिओत आहे तेवढंच ठेवलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
तरीही माणसं दहाव्या सेकंदाला जातातच. खाली लिहितात — "आवाज येत नाही", "माझा फोन बिघडला की काय?"
दादाने पाटी पुढे केली. "लिही. मी बोलत नाही."
मी नाही म्हणालो. घरचं दुखणं दारावर कशाला टांगायचं? अगदी तळाशी लिहिलंय मी — ध्वनी नसल्याबद्दल क्षमस्व. पुरे तेवढं.
त्याने पुसलं नाही. त्याच अक्षरांवर बोट आपटत राहिला. जेवायला आमच्यात बसला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
तीन दिवस विचार केला. लाज कुणाला वाटते आहे? दादाला नाही. तो तर स्वतःहून लिही म्हणतोय. दुकानात कुणी त्याच्याशी ओरडून बोललं की मान खाली जाते ती माझी. दुखणं त्याचं आणि लपवतोय मी — वर त्याला माया म्हणतोय. देवा, कसला हा भाऊ!
आज पहिल्याच ओळीत लिहिलं — "या व्हिडिओत बोलणं नाही. दुरुस्ती करणाऱ्याचा आवाज गेला आहे, हात शाबूत आहेत. प्रत्येक गोष्ट हातांनी दाखवली आहे, सावकाश."
दादाने वाचलं. दोनदा वाचलं. मग तळाशी गेला आणि 'क्षमस्व'वर अंगठा घासू लागला. पाटी पुसतो तसा.
तेही काढलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
लोक काय शोधून आपल्याकडे पोचतात, त्याची यादी चॅनलवर मिळते. वहिनीने उघडली. सर्वांत वर — "न बोलता शिवण शिकवणारा व्हिडिओ". त्याखाली — "हाताने दाखवून मशीन दुरुस्ती". मला वाटलं, काहीतरी चुकलंय. न बोलता शिकवणारा कोण शोधेल?
उत्तर व्हिडिओखाली होतं. एका शिवणवर्गाच्या बाईंनी लिहिलंय — "माझ्या वीस मुलींना ऐकू येत नाही. इतर व्हिडिओत माणसं बोलतच राहतात, हात दिसतच नाहीत. तुमचा त्यांनी आठ वेळा पाहिला. शनिवारी येऊन शिकवाल का?"
दादाने फोन बाजूला सारला. पाटीवर — "शिकवायला बोलावं लागतं."
वहिनी उसळली, "आणि बोलून ऐकवणार कुणाला? त्यांना ऐकू येत नाही, तुम्हाला बोलता येत नाही. एवढी जमलेली जोडी सोडून गेटवर बसा जाऊन!"
त्याने पाटी पुसली. कोरी पाटी मांडीवर घेऊन बसून राहिला.
शनिवार म्हणजे एक तारीख. गोदामाचा पहिला दिवस.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
दादाने हत्यारांचा डबा घासूनपुसून दाराशी ठेवला. कशासाठी, ते मी विचारलं नाही. देवापुढे बसलो, पण ठरलेले शब्द म्हणवले नाहीत.

१ मार्च, शनिवार
गोदामात वहिनीने निरोप धाडला — येत नाहीत.
दादाबरोबर मी शिवणवर्गात गेलो. त्याने मशीन उघडलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने मशीनकडे बोट करून हातांनी काहीतरी विचारलं. दादाने हातांनीच उत्तर दिलं. वीसच्या वीस मुली हसल्या. बाई हसल्या. दादा हसला — खांदे गदगदा हलवत, नऊ महिन्यांत पहिल्यांदा.
काय विनोद झाला, ते त्या खोलीत मला एकट्यालाच कळलं नाही.