न वाचलेले नऊ दिवस

द्वारका, दिल्ली

चि. अक्षता हिस आजोबांचे आशीर्वाद.

तू ऑफिसला गेल्यावर लिहायला बसलो. माझ्या नोकरीतल्या, नदीच्या पाण्याच्या नोंदवह्या पाहत काल तू विचारलंस, "आजोबा, श्रावणातले नऊ दिवस पाणी रोज दोन बोटंच कसं चढलं? कॉम्प्युटर यावरूनच पूर ओळखायला शिकतो. नदीतली पाणी मोजायची पट्टी रोज स्वतः वाचली होती ना?"

मी म्हणालो, "बिल्कुल. वाचल्याशिवाय लिहीन का?"

"अच्छा, मग हे आकडे तसेच ठेवते."

वाचली नव्हती. तेव्हा तुझा बाबा नुकता जन्मला होता आणि आजीचा ताप उतरत नव्हता. मी घरीच बसून आकडे भरले. दहाव्या दिवशी नदीवर गेलो, तर खालच्या आळीतल्या मारुतीच्या देवळाच्या वरच्या पायरीवर ओला चिखल होता. मध्येच पूर येऊन ओसरला होता. खालच्या आळीतली माणसं आपली आपण वर पळाली, म्हणून वाचली. तो पूर वहीत नाही. खाडाखोड केली असती तर नोकरी गेली असती.

आता चार दिवसांचा पाऊस एका दुपारी पडतो, असं तूच सांगतेस. तरी आज सकाळी तू गावच्या सरपंचांना फोनवर म्हणालीस, "खालची आळी हलवू नका. आजोबांच्या नोंदीत तिथवर पाणी कधीच आलेलं नाही."

टीव्हीवर सांगतायत, तिकडे सकाळपासून कोसळतोय. हा कागद तीनदा तुझ्या टेबलावर ठेवला आणि तीनदा उचलला. आता तुला फोन लावतोय. तू उचललास की विचारेन, जेवलीस का.

तुझा आजोबा,
गुलाबराव