पत्त्यांच्या सामन्यातला खोकला

बाबा, आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेत यंदाही पत्त्यांचे सामने झाले. भाऊबीज आटोपली की पाच दिवस, तुमच्या वेळी होते तसेच. आधी मेंढीकोट, मग रमी, आणि शेवटच्या दुपारी तीन पत्ती. वरठीपासून बपेऱ्यापर्यंतचे खेळाडू येतात, काही तर नदीपलीकडून, मध्य प्रदेशातून. पैसा लावायचा नाही, रंगवलेले चिंचोके लावायचे. ज्याचे संपले तो उठला. जुगार होऊ नये म्हणून पोलीस पाटील स्वतः पंच असतो, आणि पंच असल्यामुळे त्याला खेळता येत नाही, याचं दुःख पाचही दिवस त्याच्या तोंडावर दिसतं. शेवटी उरेल त्याला पितळी घागर. शाळेत पहिलं कोण आलं हे आपल्या गावात त्याच्या बापालाही आठवत नाही. घागर कोणाकडे गेली हे मात्र सात गावं सांगतात. तुमची घागर माझ्याकडे आहे. मी तिच्यात पाणी भरत नाही.

ती मिळाली त्या वर्षीच्या पावसाळ्यातच मला कळलं होतं. तुम्ही चुलीसमोर जेवायला बसला आहात, मी पाण्याचा गडवा पुढे सरकवते, आणि तुम्ही पेल्याच्या बाजूला, जमिनीवर, अगदी मन लावून पाणी ओतता. माय वरण घोटत होती, तिने पाहिलं नाही. मी पाहिलं. मग तुमच्या डोळ्यांत पाहिलं, तर दोन्ही बुबुळांवर पेजेसारखं काहीतरी साचलेलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तेव्हा तुम्ही आवाज न चढवता जे बोललात ते ओरडण्याहून वाईट होतं. "डोळ्यानं मोटर चालवते का व कोनी? सवयीनं चालवते. आन मायले सांगशीन तं याद राख." ऑपरेशनात डोळाच काढून घेतात असं तुम्हाला बसमध्ये कोणीतरी सांगितलं होतं, आणि बसमध्ये ऐकलेलं तुम्ही कधी खोटं मानलं नाही.

तुम्ही तुमसर-बपेरा बसचे ड्रायव्हर, मी त्याच रस्त्यावरच्या एका शाळेत मास्तरीण. त्या दिवसापासून मी तुमच्या पाठीमागच्या सीटवर बसू लागले. पुढे बैलबंडी दिसली की एकदा खोकायचं, गुरं दिसली की दोनदा. असं आपण कधी ठरवलं नाही. पहिल्यांदा मी नुसती भीतीनेच खोकले, तुम्ही ब्रेक दाबलात, आणि पद्धत पडून गेली. दिवाळीच्या सुमाराचं सकाळचं धुकं, त्यात धानाचे भारे लादलेल्या बंड्या, आणि माझ्या मागे खचाखच माणसं, लेकरं, पिशवीतून माना काढलेल्या कोंबड्या. कोणाला काही ठाऊक नाही. बायका मला अडुळसा आणून देत. तुमचा कंडक्टर, तुमचा जिवाभावाचा दोस्त, रोज ज्येष्ठमधाची काडी हातावर ठेवायचा, "चावा बाई, नरडं मोकळं होते." मी चावत असे आणि रस्ता बघत असे. शाळेत पोचल्यावरही फळ्यावरची ओळ खाली उतरायची. तरी ते बरे दिवस म्हणायचे. रविवारी शाळेला सुट्टी असायची, तुमच्या बसला नसायची. रविवारी मी रस्त्याकडे कान लावून धुणं धूत बसे, एकच लुगडं तीन-तीनदा.

आणि अशात तुम्ही सामन्यात उतरलात. तीन पत्तीत पत्ते न बघता खेळायची मुभा असते. शेवटच्या दुपारी तुम्ही एकही पत्ता उचलला नाहीत, डावामागून डाव न बघता चाल देत राहिलात. मांडवातले लोक म्हणत होते, काळीज पाहा ड्रायव्हरचं. काळीज कसलं पाहता, बुबुळं पाहा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. एकेक जण उठत गेला आणि समोर उरला तुमचाच कंडक्टर. त्याने पत्ते दाखवायला सांगितले. आपल्या मांडवाचा नियम असा की पत्ते टाकण्याआधी मोठ्याने बोलायचे, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. बोलण्यात चुकला त्याचा डाव गेला. मी मायसोबत तुमच्या मागे चटईवर होते. कंडक्टर दोन राण्या आणि एक्का बोलला. तुम्ही पत्ते उचललेत, नाकापाशी नेलेत. "राजा," म्हणालात. मग "राजा." मग, "आन सत्..." आणि मी खोकले.

तुम्ही गडबडलात. पत्ता आणखी जवळ घेतलात. "सत्ती," म्हणालात आणि मांडव उसळला. कंडक्टरने तुमच्या पत्त्यांकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि चार महिन्यांतली एकेक बंडी त्याच्या चेहऱ्यावरून जात होती.

आठवडाभरात तुम्हाला भंडाऱ्याला डोळे तपासायचं बोलावणं आलं. स्टिअरिंग सुटलं, चौकशीची खिडकी आली. तिथे तुम्ही पाठ असलेलं वेळापत्रक सांगत राहिलात, ते बदलल्यावरसुद्धा. ऑपरेशन शेवटपर्यंत केलं नाहीत. "माह्या दोस्तानंच माहा गळा कापला," असं म्हणालात आणि त्याच्याशी पुन्हा बोलला नाहीत. त्याने कधी कानावर हात ठेवले नाहीत, कधी माझं नावही घेतलं नाही. कारध्याच्या घाटावर तुम्हाला शेवटचं नेलं तेव्हा तो पुलापाशीच थांबला. मी त्याला जवळ बोलावलं नाही.

यंदा तो मांडवात भेटला. पार वाकला आहे. "खोकला बरा आहे ना बाई?" एवढंच त्याने विचारलं. एरवी पेपरातल्या माझ्या सदरात मी जिल्हाभराची टर उडवते. त्याच्यापुढे मात्र आधी मागे वळून पाहिलं, मायने ऐकलं तर नाही.

हे पत्र घागरीत टाकणार आहे, तिथे कोणी हात घालत नाही. तुम्ही मायला शेवटपर्यंत कौतुकाने सांगत होता, पोरीनं खोकलून घागर मिळवून देल्ली. बाबा, सत्ती तुम्ही बरोबर वाचली होती. मला मागून दिसत होती. खोकायची काही गरज नव्हती. मी कंडक्टरकडे बघून खोकले.